कल्याणच्या गाडीतला कसोटी सामना

क्रिकेटचा इतिहास आपल्याकडे पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात धावा असतात, बळी असतात, कप्तानांचे रुसवे-फुगवे असतात. पण ज्यांनी आयुष्यात दोनचार वेळाच मैदानाचे तोंड पाहिले, आणि तरीही जे हा खेळ उराशी धरून जगले, त्यांचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही अशाच माणसांची गावे. आणि हिंदुस्थान-पाकिस्तान कसोटी मालिकांची हकीकत या गावांतून पाहिली, तर ती धावफलकापेक्षा जरा निराळी दिसते. ती आज सांगावी म्हणतो.

बोरीबंदर ते ठाणे २१ मैल. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी या २१ मैलांवरून धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या चाकरमान्याचे निम्मे आयुष्य गाडीत जाते म्हटले तरी चालेल. क्रिकेटच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मुंबईत सामना चालू असला म्हणजे तो डोळ्यांनी पाहून आलेला कोणीतरी गृहस्थ संध्याकाळच्या गाडीत हटकून भेटायचा. मग त्याच्याभोवती कोंडाळे जमे. एरवी कचेरीत ज्याला कोणी विचारीत नाही असा माणूस त्या दिवशी भायखळ्यापासून डोंबिवलीपर्यंत राजा असे. हजारेंनी चेंडू कसा मारला हे तो उभ्या उभ्या छत्री हातात घेऊन दाखवी. जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, की त्या खडखडाटात काही ऐकू येत नसे. तेवढा वेळ कथा थांबे, आणि पलीकडे उजेड दिसला की पुन्हा पुढच्या षटकापासून सुरू होई. धावते वर्णन म्हणतात ते हेच नव्हे काय!

खरे धावते वर्णन अर्थात रेडिओवरचे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३४ साली बॉबी तल्यारखान यांनी चौरंगी सामन्याचे समालोचन केले, आणि मैदानावरचा खेळ प्रथमच घरात ऐकू आला. तल्यारखान दिवसभर एकटेच बोलत. शेजारी दुसरा माणूस बसलेला त्यांना खपत नसे. पुढे तीन समालोचक नेमायचे ठरले तेव्हा त्यांनी ध्वनिक्षेपक सोडला, पण जोडीदार पत्करला नाही. त्या काळी रेडिओ म्हणजे चैनीची वस्तू. टपाल कचेरीतून त्याचा परवाना काढावा लागे. एका आळीत एखाद्याच्या घरी, नाहीतर इराण्याच्या हॉटेलात तो असायचा, आणि सामन्याच्या दिवशी तिथे उभे राहायला जागा मिळत नसे. समालोचन इंग्रजीतून चाले. सगळ्यांना ते कळत होते असे मुळीच नाही. पण मागून येणारा प्रेक्षकांचा गलका सगळ्यांना कळे. चौकार गेला की बळी पडला, हे त्या गलक्याच्या जातीवरून ओळखणारी तरबेज मंडळी ओट्यावर बसलेली असत. पुढे बाळ ज. पंडितांसारखे समालोचक मराठीतून बोलू लागले, तेव्हा या मंडळींचा मान थोडा कमी झाला एवढेच.

आता मालिकेकडे वळू. पण त्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे नीट उमजणार नाही. १९५२ च्या आधी मुंबईला क्रिकेटचा जो मोठा सण होता तो पंचरंगी सामन्यांचा. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘बाकीचे’ असे पाच संघ. धर्मावर संघ पाडायचे आणि मग खिलाडूपणाच्या गप्पा मारायच्या, हा प्रकार गांधीजींना पसंत नव्हता. १९४० च्या डिसेंबरात त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. तरी सामने १९४६ पर्यंत रेटले गेले. आमच्या विजय हजारेंची यात मोठी गंमत झाली. हजारे सांगलीचे, बोली मराठी, धर्माने ख्रिस्ती. तेव्हा ते ‘बाकीच्यां’त. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. तरीही सामना हिंदूंनी जिंकला. म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यातला एखादा मराठी शौकीन त्या दिवशी हजारे बाद व्हावेत म्हणून देव पाण्यात घालून बसला होता, असे धरायला हरकत नाही.

नऊ वर्षांनी, १९५२ च्या नोव्हेंबरात, त्याच ब्रेबर्न स्टेडियमवर हजारे पुन्हा खेळायला उतरले. समोर पाकिस्तानचा संघ होता. या वेळी तोच शौकीन हजारेंसाठी देव पाण्यात घालून बसला होता. हजारेंनी नाबाद १४६ धावा काढल्या. त्यांच्या जोडीला पॉली उम्रीगर, धर्माने पारशी, त्यांच्या १०२. पंचरंगीतले तीन रंग एका बाजूला आले होते, आणि चौथ्याचाही अंश होताच. कारण याच मालिकेत दिल्लीला हैदराबादच्या गुलाम अहमद यांनी हेमू अधिकारींच्या साथीने शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जमवल्या होत्या.

पलीकडच्या संघातही परके असे थोडेच होते. कप्तान अब्दुल हफीज कारदार १९४६ साली हिंदुस्थानकडून इंग्लंडात खेळून आलेले. अमीर इलाही १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात हिंदुस्थानकडून कसोटी खेळलेले. फजल महमूद यांची त्याच दौऱ्यासाठी हिंदुस्थानच्या संघात निवड झाली होती. फाळणी झाली आणि ते गेले नाहीत. आमचे कप्तान लाला अमरनाथ यांचे क्रिकेट लाहोरात घडलेले. म्हणजे एका घरातल्या वाटण्या झाल्यावर भावाभावांनी अंगणात पहिला डाव मांडावा, तसा हा प्रकार. आणि भाऊबंदकीत जो त्वेष असतो तो परक्याशी भांडताना येत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

पहिली कसोटी ऑक्टोबरात दिल्लीला झाली. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५२ धावांत ८ आणि दुसऱ्यात ५ बळी घेतले, आणि हिंदुस्थानने एक डाव आणि ७० धावांनी सामना जिंकला. गावोगाव लोक म्हणू लागले, हे तर फारच सोपे आहे. मग आठवड्याभरात लखनौ. तिथे खेळपट्टीवर तागाची चटई अंथरली होती. मंकड नव्हते. फजल महमूदने दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले, सलामीला आलेला नझर मोहम्मद १२४ धावांवर नाबादच राहिला, आणि हिंदुस्थान एक डाव आणि ४३ धावांनी हरला. त्यामुळे मुंबईच्या तिसऱ्या कसोटीला असा रंग भरला, की सकाळच्या गाडीने जाणाऱ्यांत डबे घेतलेले कारकून किती आणि डबे घेतलेले प्रेक्षक किती हे सांगणे कठीण झाले असावे. चर्चगेटला पोचायचे तर मध्य रेल्वेच्या माणसाने बोरीबंदरला उतरून पायी चालत जायचे. रजेच्या अर्जात आजारी पडलेल्या आजीची संख्या अशा वेळी एकदम वाढते.

१३ ते १६ नोव्हेंबर असे चार दिवस तो सामना चालला. पाकिस्तानचा पहिला डाव १८६ धावांत आटोपला. अमरनाथनी ४ बळी घेतले. मग हजारे-उम्रीगर. हिंदुस्थानने ४ बाद ३८७ वर डाव सोडला आणि अखेर १० गडी राखून सामना जिंकला. मंकड यांनी याच सामन्यात कसोटीतल्या १००० धावा आणि १०० बळी पुरे केले, तेही अवघ्या २३ सामन्यांत. पण मला त्यातला एक डाव निराळा वाटतो. दुसऱ्या डावात पाकिस्तानकडून एक सतरा वर्षांचा पोरगा खेळायला आला आणि चिकटून राहिला. शतकाला चार धावा कमी असताना, ९६ वर, तो बाद झाला. त्याचे नाव हनीफ मोहम्मद. हा मुलगा जुनागढचा, आपल्या सौराष्ट्रातला. फाळणीत त्याचे कुटुंब कराचीला गेले. आणि हिंदुस्थानच्या बाजूला त्याच मालिकेत गुलाबराय रामचंद होते. ते जन्माचे कराचीचे, सिंधकडून खेळलेले आणि फाळणीनंतर मुंबईकर झालेले. म्हणजे जुनागढचा पोर कराचीसाठी खेळतो आहे आणि कराचीचा गडी मुंबईसाठी. राजकारणाने एवढी उलथापालथ केली, तिचा सगळा हिशेब त्या एका मैदानावर समोरासमोर उभा होता.

आता ही उलथापालथ कल्याणच्या माणसाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. ती त्याच्या शिवेवर येऊन राहिली होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बराकी उठवल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून बोटींनी आलेल्या निर्वासितांना तिथे ठेवण्यात आले. लोक त्याला नुसते ‘कल्याण कॅम्प’ म्हणत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. ठाण्याला कोपरीतही सिंधी वस्ती झाली. कराची, हैदराबाद, शिकारपूर इथे ज्यांची घरे आणि पेढ्या होत्या, ते लोक एका बराकीत पडदे लावून चार चार कुटुंबे राहू लागले, आणि हळूहळू याच कल्याणच्या गाडीत बिस्किटे, गोळ्या आणि कापडाचे तुकडे विकू लागले.

या माणसांनी १९५५ साली कराचीची कसोटी कशी ऐकली असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. पहिला परतीचा दौरा १९५४-५५ चा. कप्तान विनू मंकड. डाक्का, बहावलपूर, लाहोर, पेशावर, कराची असे पाच सामने. लाहोरच्या सामन्याला हिंदुस्थानातून हजारो माणसांना वाघ्याच्या सरहद्दीवरून जाऊ दिले. अमृतसरहून सकाळी निघून संध्याकाळी माघारी. सात-आठ वर्षांमागे ज्या रस्त्याने प्रेते आणि निर्वासित गेले, त्याच रस्त्याने लोक फराळाचे डबे घेऊन क्रिकेट पाहायला गेले, आणि जुने शेजारी गळ्यात पडून रडले. पंजाबी माणसाला ही सोय झाली. सिंधी माणसाला झाली नाही, कारण मुंबई आणि कराचीच्या मध्ये समुद्र. त्याला आपले गाव फक्त ऐकता आले. पाकिस्तान रेडिओवर जमशेद मार्कर आणि उमर कुरेशी इंग्रजीतून बोलत होते. कॅम्पातल्या ज्या कोणाच्या कानी ते पडले असेल, त्याच्या कानी मध्येच एखाद्या रस्त्याचे, एखाद्या टोकाचे, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचे नाव पडले असेल. धावसंख्येपेक्षा ते अधिक लागले नसेल काय?

आणि हिंदुस्थानच्या संघात कोण? रामचंद होतेच. शिवाय सलामीला पननमल पंजाबी. आडनाव पंजाबी, पण माणूस कराचीचा सिंधी. फाळणीनंतर गुजरातकडून खेळू लागलेला. तो आपल्या आयुष्यात एकूण पाचच कसोटी सामने खेळला, ते हेच पाच. त्याच्या हातून मोठी खेळी झाली नाही. रामचंद यांनी मात्र कराचीत, आपल्या जन्मगावी, ४९ धावांत ६ बळी घेतले. पाकिस्तानचा पहिला डाव १६२ धावांत संपला. कसोटीतली त्यांची सर्वोत्तम गोलंदाजी तीच. उल्हासनगरात त्या रात्री काय बोलणे झाले असेल ते कुठे नोंदलेले नाही. पण आपलाच माणूस आपल्याच गावी पाहुणा म्हणून गेला आणि आपल्याच गावाचे सहा गडी बाद करून आला, यावर हसावे की रडावे हे ठरवणे सोपे गेले नसणार.

सामने म्हणाल तर पाचही अनिर्णित. दोन्ही कप्तानांना हरण्याची इतकी भीती, की जिंकण्याचा विचार कोणी केलाच नाही. एकेक धाव म्हणजे सावकाराचा पैसा! पुढची मालिका १९६०-६१ ची, हिंदुस्थानात. कप्तान नरी कंत्राटदार आणि फजल महमूद. तीही पाचही सामने अनिर्णित. १९५२ च्या शेवटच्या दोन धरल्या तर सलग बारा कसोट्यांचा निकाल लागला नाही. दोन देशांना एकमेकांशी युद्धही नको होते आणि मैत्रीही नको होती, त्याचे हे चित्र आहे असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मात्र शौकिनांना त्याचे काही वाटले नाही. अनिर्णित सामन्यातही गाडीत सांगण्यासारखे पुष्कळ असते.

मुंबईच्या २ डिसेंबर १९६० पासूनच्या कसोटीतच पाहा ना. हनीफ आता कोवळा पोर राहिला नव्हता. १९५८ साली वेस्ट इंडीजमध्ये ब्रिजटाउनला १६ तासांहून अधिक वेळ खेळपट्टीवर उभे राहून त्याने ३३७ धावा केल्या होत्या. ब्रेबर्नवर त्याने १६० काढल्या. सईद अहमदनेही शतक केले. उत्तरादाखल हिंदुस्थानचे ८ गडी ३०० वर परतले. आता उरले कोण? यष्टिरक्षक नाना जोशी आणि तेज गोलंदाज रमाकांत देसाई. देसाई शिवाजी पार्कचा, अंगाने इतका किरकोळ की लोक त्याला ‘टायनी’ म्हणत. या दोघांनी नवव्या जोडीसाठी १४९ धावांची भागी केली. देसाईच्या ८५, जोशी नाबाद ५२. जोशी आणि देसाई! ठाण्या-डोंबिवलीच्या दर जिन्यात एक जोशी आणि दर चाळीत एक देसाई. आपल्या शेजाऱ्याने फजल महमूदला फोडून काढावे, असा तो आनंद होता.

पण या मालिकेत दुसरीही एक गोष्ट घडली, आणि शौकिनांच्या इतिहासात ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अब्बास अली बेग हा हैदराबादचा देखणा तरुण. १९५९ साली मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले होते. १९६० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ब्रेबर्नवर त्याने दोन्ही डावांत अर्धशतके केली, आणि प्रेक्षकांतून एक तरुणी धावत आली आणि तिने भर मैदानात त्याचे चुंबन घेतले. त्या काळात केवढी ही चर्चा! पुढे कित्येक महिने गाड्यांतून दुसरा विषय नव्हता. तोच बेग त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाकिस्तानविरुद्ध पहिले तीन सामने खेळला आणि चार डावांत एकदाही वीसपर्यंत पोचला नाही. फलंदाज अपयशी ठरतो. कोणाचे ठरत नाही? पण बेग मुसलमान होता आणि समोर पाकिस्तान होते. त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेणारी, शिव्याशाप देणारी पत्रे त्याला येऊ लागली. तो संघाबाहेर गेला, आणि पुन्हा कसोटीत दिसायला १९६६ चा डिसेंबर उजाडावा लागला.

ती पत्रे लिहिली कोणी? काही कोणी चोर-दरोडेखोरांनी नव्हे. टपालाचे तिकीट लावून, पत्ता शोधून, सवड काढून ज्यांनी ती लिहिली, ते क्रिकेटवर प्रेम करणारेच लोक होते. जानेवारीत ज्यांनी त्याच्या नावाने टाळ्या पिटल्या त्यांपैकीही काही असतील. आणि मग राबोडीतल्या किंवा कल्याणच्या दूधनाक्यावरच्या मुसलमान शौकिनाचे काय झाले असेल? त्याला हनीफचा बचाव मनापासून आवडला, तर ते डब्यात मोठ्याने म्हणावे की गिळून टाकावे, हा प्रश्न त्याला पडला असला पाहिजे. हिंदू शौकिनाला तो पडत नसे. तो खुशाल म्हणे, ‘काय खेळतो हो लेकाचा!’ आणि त्याला कोणी काही विचारीत नसे.

यानंतर १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली आणि सतरा वर्षे कसोटी मालिका झाली नाही. १९७८ साली बिशनसिंग बेदींचा संघ पाकिस्तानात गेला तोवर श्रोत्यांची एक पिढी पालटली होती. ट्रान्झिस्टर हाताहातांत आला होता. एकच यंत्र कानाला लावून उभा राहिलेला माणूस अख्ख्या डब्याला धावसंख्या पुरवी. रेडिओ आळीतून निघून गाडीत आला, ही या काळातली मोठी क्रांती. त्या मालिकेत झहीर अब्बासने तीन सामन्यांत ५८३ धावा कुटल्या आणि आपण २-० असे हरलो. कराचीला सुनील गावसकरने दोन्ही डावांत शतके केली, तरी उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी ते उट्टे निघाले. पाकिस्तानचा संघ इकडे आला तेव्हा वानखेडेवर १३१ धावांनी आणि मद्रासला १० गडी राखून आपण जिंकलो. पाहुण्या संघाचा कप्तान असिफ इक्बाल हाही जन्माने हैदराबाद दक्षिणचा. हे हैदराबाद आपल्या गोष्टीत पुन्हा पुन्हा का येते, देव जाणे. अजून एकदा येणार आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. गिरगाव-दादरच्या खोल्या सोडून स्वस्त जागेसाठी डोंबिवलीला आलेल्या मंडळींच्या गच्च्यांवर एरियलच्या काठ्या दिसू लागल्या. एका दूरचित्रवाणी संचापुढे सगळा मजला मांडी घालून बसे. चित्र पाहता येऊ लागले तशी गाडीतल्या कथेकऱ्याची किंमत उतरली. आता जो तो डोळ्यांनी पाहिलेला, आणि जो तो पंच.

पुढच्या मालिका मी भराभर सांगतो, त्या आपल्यापैकी पुष्कळांच्या आठवणीतल्या आहेत. १९९१ च्या ऑक्टोबरात वानखेडेची खेळपट्टी उखडण्यात आली, १९९९ च्या जानेवारीत दिल्लीची. तरी त्याच जानेवारीच्या अखेरीला चेन्नईची कसोटी झाली. पाठीच्या दुखण्याने हैराण झालेल्या सचिन तेंडुलकरने १३६ धावा केल्या आणि आपण १२ धावांनी हरलो. पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी घालू लागला तेव्हा चेपॉकचे प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात दिल्लीला अनिल कुंबळेने एका डावात दहाही बळी घेतले. २००४ साली आपण पाकिस्तानात मालिका जिंकली. मुलतानला वीरेंद्र सेहवागने ३०९ केल्या. २००७ च्या डिसेंबरात बंगळूरची कसोटी अनिर्णित राहिली, आणि त्यानंतर या दोन देशांत कसोटी सामना झालेलाच नाही. १९५२ ला जो डाव मांडला, तो असा अर्ध्यावर उभा आहे.

मग या पट्ट्यातल्या शौकिनांनी आपला त्वेष ठेवला कुठे? तो त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे वळवला. आणि त्यात डोंबिवलीचा हात आहे, तो असा.

अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. शाळेत असताना डोंबिवलीहून लोकलने तो मुंबईच्या मैदानांवर खेळायला जाई. रिक्षाला पैसे नसत म्हणून एका हातात त्याच्या सामानाची पिशवी आणि दुसऱ्या हातावर धाकटे मूल घेऊन आई पायी चालत असे, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. कल्याण-डोंबिवलीच्या गाडीत खेळाचे सामान घेऊन चढणाऱ्या पोराला लोक काय बोलतात, ते ज्याने ऐकले आहे त्यालाच ठाऊक. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला हिंदुस्थानचा डाव ३६ धावांत गडगडला. कप्तान विराट कोहली घरच्या कारणासाठी परतला आणि धुरा रहाणेकडे आली. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या आणि २९ डिसेंबरला आपण ८ गडी राखून जिंकलो. मेलबर्नचा खेळ आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होई. करोनाच्या साथीमुळे लोकल गाड्या सर्वसामान्यांना बंदच होत्या. म्हणजे गाडीतली चर्चा नाही, नाक्यावरचा कोंडाळा नाही. डोंबिवलीने आपला कप्तान घरातच, पांघरुणात बसून पाहिला.

तिसरी कसोटी सिडनीला. हैदराबादचा महम्मद सिराज हा नवा गोलंदाज. दौरा चालू असतानाच त्याचे वडील वारले होते आणि तो परत न जाता थांबला होता. सीमारेषेवर उभे असताना प्रेक्षकांतून त्याला वंशावरून शिवीगाळ झाली. त्याने कप्तानाला सांगितले, रहाणे पंचांकडे गेला, खेळ थांबला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. मैदान सोडून जायची मुभा पंचांनी दिली होती, पण आम्ही खेळायला आलो आहोत, असे रहाणेने सांगितले, ही हकीकत सिराजने मागाहून सांगितली. अब्बास अली बेग त्या वेळी हयात होता. त्याला आपली पत्रे आठवली असतील का?

ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरले नव्हते. सिराजने दुसऱ्या डावात ५ बळी घेतले. पहिल्या डावात ६७ धावा काढून पडझड सावरणारा शार्दूल ठाकूर पालघरचा, आणि पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचा पाठलाग पुरा करून आपण ३ गडी राखून जिंकलो. बक्षीस समारंभात रहाणेने ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला, त्याचा तो शंभरावा कसोटी सामना होता म्हणून, सगळ्या संघाच्या सह्या केलेला सदरा भेट दिला.

दोन दिवसांनी तो मुंबईला उतरला. माटुंग्याला त्याच्या राहत्या इमारतीत शेजाऱ्यांनी ढोल-ताशे लावले, फुले उधळली आणि एक केक आणला. केकवर कांगारू बसवले होते. सुरी पुढे करण्यात आली. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी, तो कापणार नाही, असे सांगून रहाणेने तो केक कापला नाही.